चारशेचा ग्लास आणि मागच्या गल्लीतला वास

पुण्यातल्या एका मायक्रोब्रुअरीत मी पहिल्यांदा गेले ती कामासाठी. आईला फोनवर हेच सांगितलं आणि ती नुसतं ‘हं’ म्हणाली. हा ‘हं’ कसला असतो, हे ज्यांना आई आहे त्यांना वेगळं सांगायला नको.

काम खरंच होतं. वीकेंडला कुठे जायचं, काय प्यायचं, अशा छापाचा मजकूर लिहायचा होता. काचेपलीकडे चकचकीत स्टीलच्या टाक्या, बाहेर फळ्यावर खडूने लिहिलेली आठ-दहा नावं, आणि चारशेच्या घरातला एक ग्लास. तिथला ब्रुअर आम्हाला हौसेने आत घेऊन गेला. एका टाकीतून नळी निघाली होती आणि तिचं तोंड पाण्याच्या बादलीत सोडलेलं होतं. बादलीत बुडबुड, बुडबुड चाललेलं. ‘यीस्ट काम करतंय,’ तो म्हणाला. ‘वास घ्या.’

आम्ही वाकलो. आंबूस, गोडसर, थोडा ताज्या पावासारखा, थोडा पिकलेल्या केळ्यासारखा. सोबतची सगळी मंडळी ‘वॉव’ म्हणाली. मी मात्र क्षणात चंद्रपुरात पोचले. आमच्या घराच्या मागच्या गल्लीत एका परसात मोहफुलं आंबायला ठेवलेली असायची. वास अगदी हाच असा नव्हे, पण याच खानदानातला. तिथून जाताना आई आमचा हात घट्ट धरायची आणि म्हणायची, ‘नाक दाबा आणि चला पटपट.’

पुण्यात त्याच वासाला ‘नोट्स’ म्हणतात. तिथे नाक दाबायचं, इथे नाक खुपसायचं. हा फरक नेमका कसला, हे मला त्या दिवसापासून सुटलेलं नाही. हा लेख त्याबद्दल आहे.

आधी बिअर कशी होते ते बघू

क्राफ्ट बिअर म्हटलं की आपल्याकडे दोनच प्रतिक्रिया येतात. एक तर ‘कसली भारी!’ नाहीतर ‘शेवटी दारूच ना?’ मधे थांबून ती होते कशी, हे फारसं कुणी विचारत नाही. मी विचारलं, आणि उत्तर ऐकताना सारखी आजीच आठवत होती.

बार्ली भिजवायची, तिला मोड आणायचे, मग ती वाळवायची. हे झालं माल्ट. बाळासाठी नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून ठेवतात, तीच ही युक्ती. मोड येताना धान्यात एन्झाइम्स तयार होतात. भरडलेलं माल्ट साधारण ६५ ते ६८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवलं की हे एन्झाइम्स पिठूळ स्टार्चची साखर करतात. पाणी फार तापलं तर एन्झाइम्स मरतात, कमी तापलं तर काम अर्धवट राहतं. गाळून जे गोड पाणी उरतं त्याला वर्ट म्हणतात. ते तासभर उकळायचं आणि त्यात हॉप्स नावाची वेलीवरची फुलं टाकायची. सुरुवातीला टाकली तर कडूपणा उतरतो, शेवटी टाकली तर सुगंध राहतो. मग ते झटपट गार करून यीस्ट घालायचं. एल प्रकारची बिअर साधारण १८ ते २२ अंशांत आठवड्या-दोन आठवड्यांत आंबते, लागरला मात्र त्याहून गार जागा आणि बराच जास्त धीर लागतो.

गव्हाच्या बिअरमधला तो केळ्याचा वास? त्यात केळं अजिबात नसतं. यीस्ट आंबवताना एक एस्टर तयार करतं आणि पिकल्या केळ्यातही मुख्यतः तेच असतं. हे कळल्यावर मी कितीतरी वेळ ग्लास हातात धरून नुसती हुंगत बसले होते. बारावीला केमिस्ट्रीत ‘एस्टर’ पाठ केलं होतं, ते असं नाकाशी भेटेल असं वाटलं नव्हतं.

गंमत म्हणजे जर्मनीतल्या बव्हेरियात १५१६ साली बिअरच्या शुद्धतेचा जो प्रसिद्ध नियम झाला, त्यात पाणी, बार्ली आणि हॉप्स एवढंच लिहिलं होतं. यीस्टचा पत्ताच नव्हता, कारण ते काय असतं हे कुणाला माहीतच नव्हतं. लुई पाश्चरचं बिअरवरचं पुस्तक आलं १८७६ मध्ये. तोवर लोक हजारो वर्षं हाताच्या अंदाजावर आंबवत होते. आणि हे हात बऱ्याच ठिकाणी बायकांचे होते. मेसोपोटेमियात तर बिअरची देवता होती, निनकासी, आणि तीही बाईच.

हे सगळं मी सुट्टीत आजीला सांगितलं. ती कुरडयांसाठी गहू भिजत घालत होती. तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग चीक काढायचा. आंबलं किती हे ती बोट बुडवून, वास घेऊन ठरवते. महालक्ष्म्यांना ज्वारीची आंबील करते, तीही अशीच. माझं सगळं ऐकून म्हणाली, ‘मंग त्यात नवीन काय हाय बापा? आमी तं जन्मभर हेच करून राहिलो.’

मुद्दा बरोबर होता. फरक इतकाच की आजीच्या आंबवण्याला कुणी ‘क्राफ्ट’ म्हटलं नाही.

बादलीचा बेत

माझी रूममेट बायोटेक्नॉलॉजीची. तिच्या डोक्यात लगेच किडा वळवळला. वीस लिटरची फूडग्रेड बादली, एअरलॉक, थर्मामीटर, हायड्रोमीटर अशी यादीच तिने केली. हायड्रोमीटर म्हणजे द्रवाची घनता सांगणारी काचेची नळी. आंबवायच्या आधी १.०५० दाखवत असेल आणि नंतर १.०१०, तर त्या दोन आकड्यांतल्या फरकाला १३१ ने गुणायचं, की साधारण सव्वापाच टक्के अल्कोहोल असं उत्तर येतं. ‘बघ, प्रॅक्टिकलसारखंच आहे,’ ती म्हणाली. सबमिशनच्या काळात मी तिला इतकी खूश कधी पाहिली नव्हती.

मी पत्रकारितेची विद्यार्थिनी, म्हणून कायदा बघायचं काम माझ्याकडे आलं. आणि तिथेच बादली उपडी झाली. मूळचा मुंबईचा, आताचा महाराष्ट्राचा १९४९ चा दारूबंदी कायदा स्पष्ट आहे. परवान्याशिवाय मद्य तयार करणं गुन्हा आहे. ‘विकणार नाही, स्वतःसाठीच आहे’ म्हटलं तरी सूट नाही. शिक्षेत तुरुंगवासही आहे. प्यायची तर बिअरला वय २१ पूर्ण हवं, कडक मद्याला २५, आणि शिवाय पिण्याचाही परवाना लागतो. खरं सांगा, तुमच्या ग्रुपमध्ये किती जणांकडे आहे?

म्हणून आधीच सांगते. हा लेख वाचून कुणी हॉस्टेलच्या बाथरूममध्ये बादली ठेवू नका. आम्हीही ठेवली नाही. २१ च्या आतल्यांसाठी तर हा विषय सध्या फक्त वाचण्याचा आहे.

पण कायदा पाळणं आणि त्याबद्दल मत असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ब्रिटनने घरी बिअर करायला लागणारा परवाना १९६३ मध्ये काढून टाकला. अमेरिकेत १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी घरगुती बिअरला मोकळीक देणाऱ्या कायद्यावर सही केली. मर्यादा घातली होती, एका प्रौढ माणसामागे वर्षाला शंभर गॅलन, आणि विक्रीला परवानगी नाही. तरीही राज्यांचे कायदे वेगळे असल्यामुळे अलाबामा आणि मिसिसिपी या शेवटच्या दोन राज्यांना २०१३ उजाडावं लागलं. आज ज्याला आपण क्राफ्ट बिअरची लाट म्हणतो, ती अशाच स्वयंपाकघरांतून उठली. सिएरा नेवाडा ही नावाजलेली ब्रुअरी काढणारे केन ग्रॉसमन आधी घरी बिअर करणाऱ्यांना सामान विकायचं दुकान चालवत होते.

आपल्याकडे हा प्रवास उलटा झाला. बिअर आधी हॉटेलात आली. पुण्यात २००९ मध्ये ‘डूलाली’ सुरू झाली, देशातल्या सुरुवातीच्या मायक्रोब्रुअरीजपैकी एक. नावाची गोष्ट आपल्या नाशिकची आहे. देवळालीच्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत पडलेले इंग्रज सैनिक कंटाळून पार भ्रमिष्टासारखे व्हायचे म्हणे, त्यावरून इंग्रजीत ‘डूलाली’ म्हणजे डोकं फिरलेला. म्हणजे शब्द आपल्या गावाचा, इंग्लंडला जाऊन आला आणि ग्लासावर छापून आपल्यालाच परत मिळाला. ‘इंडिया पेल एल’चंही तसंच. एकोणिसाव्या शतकात इथल्या गोऱ्या साहेबांसाठी बोटीने यायची, लांबच्या प्रवासात टिकावी म्हणून हॉप्स जास्त. नावात इंडिया आहे, पण इंडियन माणसाला त्या ग्लासाजवळ फिरकायला अजून पुष्कळ वर्षं लागणार होती.

थोडक्यात, आपल्याकडे बिअर प्यायला शिकवणारे खूप निघाले. करायला शिकणं मात्र चारशेवाल्या काचेच्या पलीकडेच राहिलं.

आता दुसरी बाजू, आणि ती माझ्या घरातली आहे

इथपर्यंत लिहून लेख संपवला असता तर सोपं झालं असतं. ‘होमब्रूइंगला परवानगी द्या’ अशी मागणी करायची, दोन इमोजी टाकायचे, काम झालं. पण मी चंद्रपूरची आहे.

मी सातवीत होते तेव्हा, एप्रिल २०१५ मध्ये, आमच्या जिल्ह्यात दारूबंदी झाली. वर्ध्यात ती १९७५ पासून होती, गडचिरोलीत १९९३ पासून. आमच्याकडे ती सरकारला आपणहून सुचली नव्हती. बायकांनी मागितली होती. त्यासाठी त्या चिमूरहून नागपूरपर्यंत पायी गेल्या होत्या. बंदी लागू झाली तेव्हा आमच्या गल्लीतल्या बायकांनी पेढे वाटले. माझ्या आईनेही.

माझे मोठे काका प्यायचे. क्राफ्ट वगैरे नाही, देशी. बंदी आली आणि दोन-तीन महिने घर एकदम शांत झालं. काकू हसायला लागली होती, हे मला पक्कं आठवतं. मग हळूहळू माल यायला लागला. चोरून, दुप्पट-तिप्पट भावाने, आणि बाटलीत काय आहे याची कसलीच खात्री नाही. काका बंदीच्या काळातच गेले, लिव्हरने. पन्नाशीही गाठली नव्हती. मे २०२१ मध्ये सरकारने बंदी उठवली तेव्हा माझं बारावीचं वर्ष होतं. आमची परीक्षा आणि जिल्ह्याची दारूबंदी, दोन्ही एकाच उन्हाळ्यात रद्द झाल्या. त्या दिवशी आई एक शब्द बोलली नाही.

त्यामुळे ‘दारूबंदी म्हणजे मागासलेपणा’ असं कुणी ग्लास हातात धरून म्हणालं की मला राग येतो. ज्या बाईने बंदी मागितली तिने तुमच्या चवीवर घाला घातला नव्हता, तिला पगार घरी यायला हवा होता. आणि ‘सरसकट बंदी केली की प्रश्न मिटतो’ असं म्हटलं तरी राग येतो, कारण तो मिटत नाही हे आमच्या घराने पाहिलंय.

अजून एक गोष्ट. त्याच २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरहून जास्त माणसं गेली. दोष होता मिथेनॉलचा. बार्ली आंबवून केलेल्या बिअरमध्ये जीव जाईल इतकं मिथेनॉल तयार होत नाही. ते घातक मिथेनॉल उद्योगातलं असतं आणि पैसे वाचवायला कुणीतरी मिसळतं. पण आपण हा फरक कुठे शिकतो? मराठीत आपण सगळ्यालाच ‘दारू गाळणं’ म्हणतो. आंबवणं वेगळं आणि गाळणं वेगळं. बिअर आंबवतात. मोहाची दारू आंबवून मग भट्टीवर गाळतात. विषारी बाटलीत तर ना धड आंबवणं असतं ना गाळणं, नुसती भेसळ असते. एकाच शब्दात तिन्ही कोंबले की भीतीही सरसकट वाटते आणि कायदाही सरसकट होतो.

मग माझं म्हणणं काय?

पहिलं, घरगुती बिअरला मर्यादित परवानगी द्यायचा विचार व्हायला हवा. वय २१ पूर्ण, नोंदणी सक्तीची, वर्षाला ठरावीक लिटर, विक्री पूर्ण बंद, आणि घरी गाळण्याला अजिबात मुभा नाही. अमेरिकेतही घरी बिअर चालते, पण परवान्याशिवाय घरी दारू गाळणं गुन्हाच आहे. ज्याला एक ग्लास मिळवायला भांडी निर्जंतुक करण्यापासून तीन-चार आठवडे राबावं लागतं, तो ती घटाघट पीत नाही. निदान त्याला आत काय आहे ते माहीत असतं. पुण्याच्या एप्रिलमध्ये बंद खोलीत बिअर आंबवून बघा म्हणावं, गरमीने यीस्ट बिघडून नेलपेंट रिमूव्हरसारखा वास आला की निम्म्यांची हौस तिथेच फिटेल!

दुसरं, आणि माझ्यासाठी जास्त महत्त्वाचं. ‘क्राफ्ट’ हा शब्द काचेच्या अलीकडच्यांनाही द्या. गोव्याने हे करून दाखवलंय. काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, २०१६ मध्ये राज्याने तिला वारसा पेयाचा दर्जा दिला. मध्य प्रदेशाने मोहाच्या दारूला ‘हेरिटेज’ म्हणून जागा दिली. आपल्या राज्याने २०२१ मध्ये मोहफुलं गोळा करण्यावरचे आणि साठवण्यावरचे निर्बंध उठवले, ही सुरुवात चांगली आहे. पण फूल गोळा करणाऱ्या आदिवासी बाईला त्यापुढच्या कामात, तपासणी झालेल्या, लेबल लावलेल्या, परवानाधारक बाटलीत वाटा मिळाला नाही, तर उद्या तेच मोह पुण्या-मुंबईत हजारांनी विकलं जाईल आणि ती मात्र छाप्यातच सापडेल. शहरातल्या टाकीला आपण ‘स्मॉल बॅच’ म्हणतो आणि जंगलातल्या मडक्याला ‘हातभट्टी’. यात चवीचा फरक किती आणि पैशाचा किती, हे एकदा प्रामाणिकपणे बघा.

तिसरं आपल्यासाठी, म्हणजे कॉलेजवाल्यांसाठी. क्राफ्ट आहे म्हणून ती दारू नाही असं होत नाही. मद्याचं सुरक्षित असं कुठलंच प्रमाण नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलंय. लिव्हर टॅपचा फळा वाचत नाही. मला बिअर आवडते, महिन्यातून एखादा ग्लास, सावकाश. तिचा वास घ्यायला, ती कशी झाली असेल ते ओळखायला आवडतं. पण न पिणाऱ्या मित्राला ‘अरे ही क्राफ्ट आहे, घे ना’ म्हणणं आणि कट्ट्यावर ‘घे रे, काय होतंय’ म्हणणं यात मला काहीच फरक दिसत नाही. जो पीत नाही त्याला कारण विचारू नका. त्याच्याही घरी एखादे काका असतील.

बादलीचं काय झालं, तेही सांगते. रूममेटच्या हाताला खाज होतीच. मग आम्ही आल्याचं सरबत आंबवलं. किसलेलं आलं, साखर, पाणी, रोज एक चमचा आलं आणि एक चमचा साखर. पाचव्या दिवशी बुडबुडे. ते गाळून लिंबू-साखरेच्या पाण्यात मिसळलं आणि प्लास्टिकच्या बाटलीत भरून दोन दिवस बाहेर ठेवलं. बाटली दगडासारखी टणक झाली की लगेच फ्रीजमध्ये, अल्कोहोल नावापुरतंच राहायला हवं म्हणून. काचेची बाटली घेऊ नका, फुटते. आम्ही प्लास्टिकची घेतली, तरी पहिल्यांदा झाकण उघडल्यावर अर्धं सरबत छताला लागलं. डाग अजून आहे. घरमालकांना अजून दिसलेला नाही.

एक बाटली मी दिवाळीत घरी नेली. आजीने वास घेतला, एक घोट घेतला आणि म्हणाली, ‘अजून एक दिवस ठेवाची होती.’ आईने बाटली हातात घेतली, फिरवून बघितली आणि विचारलं, ‘तुझ्या काकांना असा वास घ्यायला कुणी शिकवलं असतं, तर ते वाचले असते का?’

मी खूप विचार केला. नाही, बहुतेक नसते वाचले. व्यसन म्हणजे चव न कळण्याचा आजार नव्हे. त्यांना ब्रुअर नको होता, डॉक्टर हवा होता, आणि नाक न दाबता त्यांच्याशी बोलणारं कुणीतरी हवं होतं. आम्ही सगळे नाक दाबून पटपट पुढे गेलो. बंदीने त्यांना चोर ठरवलं, दुकानाने गिऱ्हाईक. त्यांच्याकडे आजारी माणूस म्हणून बघायला आम्हा कुणालाच वेळेवर सुचलं नाही.

म्हणून मला वाटतं, या वासाबद्दल घरात बोलायला हवं. काचेपलीकडच्या आणि मागच्या गल्लीतल्याही.

हा लेख छापून आला की आईला फोटो काढून पाठवणार आहे. उत्तर काय येईल ते मला माहितीये. ‘हं’. पण या वेळी त्या ‘हं’च्या पुढे मी फोन ठेवणार नाही.